पर्यावरणवादी स्वतः किती पाळतात? मोजायचं काय आणि कसं

काटेसावर (धागाकर्ती)
पर्यावरणावर बोलणाऱ्या माणसाला हमखास ऐकावं लागतं, "आधी स्वतःच्या घरातला एसी बंद करा." या वाक्यामागे कधी खोडसाळपणा असतो, कधी खरी शंका. खोडसाळपणा सोडून देता येतो. शंकेला मात्र उत्तर द्यायलाच हवं, आणि "आम्ही कापडी पिशवी वापरतो" एवढ्यावर ते भागत नाही.

आपण दिसतं तेवढंच तपासतो, ही खरी अडचण आहे. बांबूचा टूथब्रश दिसतो, स्टीलची बाटली दिसते. एसीतून गळलेला गॅस दिसत नाही, आणि जुलैत लावलेलं रोप मे महिन्यात वाळलं तर ते बघायला कोणी जात नाही. म्हणून या धाग्यात कुठल्या गोष्टीचं वजन किती आणि ती नीट करायची तर नेमकी कशी, एवढंच लिहू या. आठवणी नकोत. माप, कृती आणि होणाऱ्या चुका हव्यात.

सुरुवातीला ढोबळ आकडे देते. बिलावरचं १ युनिट म्हणजे देशाच्या सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायॉक्साइड. १४.२ किलोचा एक सिलिंडर जाळला की साधारण ४२ किलो. पेट्रोल लिटरमागे २.३ किलो, डिझेल २.६ च्या थोडं वर. महिन्याला २०० युनिट वापरणारं चौघांचं घर विजेपोटी वर्षाला सुमारे १,७०० किलो सोडतं, म्हणजे माणशी सव्वाचारशे. मुंबई ते दिल्ली विमानाने जाऊन आलं तर माणशी २०० किलोच्या आसपास, मुंबई-लंडन जाऊन-येऊन जवळपास १ टन. एका लंडनवारीत माणूस आपल्या वाट्याची घरातली दोन वर्षांहून जास्त काळाची वीज उडवून येतो. टूथब्रश कितीही बांबूचा असला तरी ही दरी भरत नाही.

एसीवाल्या जाणकारांनी आधी लिहावं. तिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

पाना-पक्कड
एसीचं बोलताना लोक फक्त विजेचं बोलतात. दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्री ८ तास आणि वर्षात १२० रात्री चालला, तासाला सरासरी ०.८ युनिट धरली, तर ७७० युनिट होतात. ताईंच्या हिशेबाने ५४० किलो. आता गॅस बघा. अशा एसीत साधारण १ किलो गॅस असतो. तो आर-४१०ए असेल तर १ किलो हवेत सुटणं म्हणजे सुमारे २,०८८ किलो कार्बन डायॉक्साइड सोडण्याइतकं. चार उन्हाळ्यांची वीज एका दुपारी गेली. जुन्या एसीतला आर-२२ असेल तर आकडा १,८१० च्या आसपास, नव्यातला आर-३२ असेल तर ६७५. प्रोपेनवर म्हणजे आर-२९० वर चालणारे एसीही भारतात मिळतात. त्यात गॅस कमी लागतो आणि त्याचा हा आकडा एक अंकी आहे. पण तो पेट घेणारा असल्यामुळे कंपनीच्या प्रशिक्षित माणसाशिवाय कोणाला हात लावू देऊ नये.

"दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो" हे वाक्य जिथे ऐकाल तिथे थांबा. एसीतला गॅस बंद नळीत फिरतो, तो खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळतोय. गळती न शोधता वरून भरणं म्हणजे भोक पडलेल्या माठात पाणी ओतणं.

बरोबर काम असं होतं. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, मग कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा आणि साबणाचं पाणी लावून जोड तपासायचे. घरगुती स्प्लिटमध्ये दहापैकी बहुतेक वेळा गळती फ्लेअर नटपाशी सापडते, म्हणजे बाहेरच्या युनिटवर तांब्याची नळी पितळी नटने जोडलेली असते तिथे. नट जास्त आवळून नळीचं पसरवलेलं तोंड चिरतं, किंवा कटरने कापल्यावर आतली कड साफ न केल्यामुळे बसत नाही. तोंड कापून नव्याने फ्लेअर करायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून नळीतला दाब ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाब मोजायचं एकक) खाली आणायचा, पंप बंद करून काटा २० मिनिटं पाहायचा. काटा परत वर चढला तर गळती किंवा ओल आहे, पुन्हा सुरुवात. शेवटी पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर तोलून भरायचा. नुसता प्रेशर बघून भरलेला गॅस हमखास कमी-जास्त होतो आणि वीज वाढते.

घर बदलताना सगळ्यात मोठा घोटाळा होतो. एसी काढणारा घाईत नट सैल करतो, सूं आवाज येतो आणि सगळा गॅस जातो. त्याऐवजी पंप डाउन करायला सांगा. कूलिंगवर चालू असताना बाहेरच्या युनिटवरचा बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करायचा. जाड नळीवरच्या गेजचा काटा शून्याजवळ आला की तो व्हॉल्व्ह बंद करून लगेच एसी बंद करायचा. सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये राहतो. काम पाच-सात मिनिटांचं आहे. पण काटा शून्याखाली जाऊ देऊन कॉम्प्रेसर चालू ठेवला, किंवा सैल जोडातून हवा आत ओढली गेली, तर कॉम्प्रेसर फुटून माणूस जखमी होऊ शकतो. गेज न लावता हे करू नये.

आणि २४ अंश. २०२० पासून नव्या एसीचं मूळ सेटिंगच २४ ठेवलेलं आहे. एक अंश वाढवला की वीज साधारण ६ टक्के वाचते.

उतारावरचा
पाना-पक्कड यांचा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे. पण धाग्याच्या मूळ प्रश्नाला माझा विरोध आहे आणि तो नोंदवतो.

"कार्बन फूटप्रिंट" (एका माणसापायी हवेत जाणाऱ्या कार्बनचा हिशेब) हा शब्द घरोघरी पोचवला तो २००४ च्या सुमारास बीपी या तेलकंपनीच्या जाहिरातमोहिमेने. आपापला हिशेब मोजा म्हणून त्यांनी लोकांना गणकयंत्र दिलं. माणूस स्वतःच्या स्कूटरचा हिशेब करत बसला की औष्णिक केंद्राच्या धुराड्याकडे बघत नाही. चंद्रपूरच्या हवेबद्दल बोलणाऱ्याच्या घरी फ्रिज किती लिटरचा आहे, याने चंद्रपूरची हवा बदलत नाही. धरणग्रस्तांची बाजू घेणारा नळाचं पाणी पितो म्हणून त्याचा मुद्दा खोटा ठरतो का?

आपल्याकडे टोकाचं पाळणारी माणसं होऊन गेली आणि आहेतही. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक डॉ. हेमा साने पुण्याच्या बुधवार पेठेत जन्मभर विजेशिवाय राहिल्या. दापोली तालुक्यातल्या कुडावळ्यात दिलीप कुलकर्णींनी अभियंत्याची नोकरी सोडून कमीत कमी गरजांचं घर उभं केलं. त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. पण ते मोजमाप सगळ्यांना लावलं, तर कामगार वस्तीतून नदीसाठी लढणाऱ्या बाईला बोलायचा हक्कच उरणार नाही. तिच्या घरात प्लास्टिकची बादली असते कारण पितळेची परवडत नाही.

आकडेमोड
उतारावरचा, तुमचा अर्धा मुद्दा मान्य. दलील खरी की खोटी हे दलील करणाऱ्याच्या फ्रिजवरून ठरत नाही. पण लोक ऐकतात की नाही हे ठरतं, आणि ते तपासून पाहिलं गेलंय. अमेरिकेत शाहझीन अत्तारी आणि सहकाऱ्यांचा २०१६ चा अभ्यास आहे. हवामानावर सल्ला देणाऱ्या संशोधकाचा स्वतःचा ऊर्जावापर मोठा आहे असं सांगितलं, की त्याच्यावरचा विश्वास घसरतो आणि ऐकणाऱ्याची स्वतः काही बदलायची तयारीही कमी होते. वापर कमी असलेल्याचं म्हणणं जास्त मनावर घेतलं जातं.

दुसरा अभ्यास २०२० चा, लॉरेन व्हिटमार्श आणि सहकाऱ्यांचा. हवामानबदलावर काम करणारे संशोधक इतर विषयांतल्या संशोधकांपेक्षा जास्त विमानप्रवास करतात असं त्यात निघालं, वर्षाला सरासरी ५ विरुद्ध ४. त्यांना धोका कळत नाही असं नाही. परिषदा, क्षेत्रभेटी, बढतीचे निकष असे त्या व्यवसायाने बांधून ठेवलेत. म्हणजे वागणं आणि व्यवस्था एकमेकांत अडकलेली आहेत. एक धरून दुसरं सोडता येत नाही.

हवामानासाठी चळवळ करणाऱ्या स्वीडनच्या ग्रेटा थनबर्गचं उदाहरण या दोन्ही बाजूंनी वाचता येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये ती प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या बोटीने दोन आठवड्यांत पोचली. लगेच टीका झाली की बोट परत आणायला खलाशी विमानाने जाणार. टीका हिशेबाला धरून होती. पण एका मुलीला अटलांटिक पार करायला विमानाशिवाय सोपी वाट उरलेली नाही, हे त्या प्रवासाने जगाला दाखवलं. माझ्या मते तेही कामच आहे.

कसोटी मी अशी धरतो: जे स्वतःच्या हातात आहे आणि परवडतं, त्यात सगळ्यात मोठ्या दोन-तीन गोष्टी पाळल्या का? उतारावरच्यांच्या उदाहरणातल्या बाईचं माणशी उत्सर्जन बहुधा आपल्या सगळ्यांपेक्षा कमी असेल. बादलीवरून तिला कोणी बोलू नये, हे शंभर टक्के खरं.

मांडववाली
"हातात आहे" म्हणताय तर पर्यावरणाच्या नावाने होणारे कार्यक्रम पूर्ण हातात असतात. तिथे सबब चालत नाही. १५० माणसं, अर्धा दिवस, नाश्ता-चहा असं धरून लिहिते.

पाणी: माणशी अर्धा-पाऊण लिटर, म्हणजे सुमारे १०० लिटर. नळाचं स्टीलचं पिंप किंवा २० लिटरचे ५ जार. स्टीलचे १०० पेले पुरतात, पण विसळायला दोन माणसं नेमलेली हवीत. तीन टब मांडा: पहिल्यात साबणाचं किंवा रिठ्याचं पाणी, दुसऱ्यात साधं, तिसऱ्यात कढत. पाणी मध्ये एकदा बदलायचं, सगळं मिळून १०० लिटरच्या आत भागतं. पेले भांड्यांच्या दुकानातून दिवसाच्या भाड्याने मिळतात.

फसतं कुठे? पिंप दाराजवळ ठेवलं की गर्दी होते आणि कोणीतरी घाईने बाटल्यांचा खोका मागवतं. उष्ट्या पेल्यांसाठी वेगळं घमेलं ठळक पाटी लावून ठेवलं नाही, तर लोक पेले खिडकीत, खुर्चीखाली ठेवतात आणि तासाभरात धुतलेले संपतात. सगळ्यात मोठी चूक केटररला तोंडी सांगण्याची. त्याच्या दरात कागदी कप आणि प्लास्टिकचे चमचे धरलेलेच असतात, पोरं सवयीने गाडीत टाकतात. ऑर्डरवर लिहून द्या: कागदी कप नको, प्लास्टिक चमचे नको, बाटल्या नको, ताट-वाटी-चमचे स्टीलचे.

कागदी कप पर्यावरणपूरक नाही. आतून पॉलिथिनचा पातळ थर असतो, त्याशिवाय चहा झिरपला असता. तो रद्दीतही जात नाही आणि खतातही नाही. खताच्या ढिगात टाकलात तर कागद कुजतो आणि सहा महिन्यांनी कपाच्या आकाराची पारदर्शक साल हातात येते. "कंपोस्टेबल" छापलेल्या मक्याच्या प्लास्टिकचंही तसंच. त्याला मोठ्या प्रकल्पातली ६० अंशांच्या आसपासची उष्णता कित्येक दिवस लागते, बाल्कनीतल्या ड्रममध्ये ते जसंच्या तसं राहतं. चहासाठी कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याकडून काचेचे ग्लास अनामत देऊन आणा, तो धुवायचा माणूसही देतो.

नाश्ता: १५० जणांना जाडे पोहे ९ ते १० किलो. "कमी पडायला नको" म्हणून १५ किलो भिजवतात आणि पाच किलोंचे पोहे टाकून देतात. एक पातेलं आधी करा, दुसऱ्याचे पोहे कोरडेच ठेवा. भिजवून फोडणीला टाकायला २० मिनिटं लागतात.

फ्लेक्स: तो पीव्हीसीचा थर दिलेला पॉलिस्टर असतो, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, जाळला तर विषारी धूर होतो. त्याऐवजी मांजरपाटाचे दोन पन्ने जोडून शिवा, वर-खाली काठी घालायला नेफा ठेवा, गेरू किंवा पोस्टर कलरने लिहा. त्यावर तारीख आणि पाहुण्यांची नावं कधीच लिहू नका. ती वेगळ्या कागदी पट्टीवर लिहून टाचणीने लावा. कापड दहा वर्षं चालतं. तारीख लिहिली की ते एका दिवसात मरतं.

पाहुण्यांना रोप देण्याबद्दल: बाहेरगावच्या पाहुण्याच्या हातात काळ्या पिशवीतलं रोप दिलं तर ते गाडीच्या डिकीत वाळतं. द्यायचं असेल तर त्याच्या घरी पोचवायची सोय करा, नाहीतर देऊ नका.

माळीण_बाग
+१. तारीख न लिहिण्याची युक्ती आमच्या गटाला लगेच कळवते.

आकडेमोड
मांडववालींच्या प्रतिसादाला एक जोड. १५० जणांना प्रत्येकी दोन अशा अर्ध्या लिटरच्या ३०० बाटल्या दिल्या असत्या, तर रिकाम्या बाटल्यांचं प्लास्टिक ३ किलोच्या आसपास, ते बनवतानाचं उत्सर्जन १० किलोच्या घरात. त्याच कार्यक्रमाला ६० जण एकेकटे गाडीने आले, जाऊन-येऊन ३० किलोमीटर, लिटरला १५ चा ॲव्हरेज, तर १२० लिटर पेट्रोल आणि २७५ किलो. म्हणून ठिकाण ठरवताना पहिला प्रश्न हा असावा: रेल्वे स्टेशन किंवा बस थांब्यापासून चालत किती मिनिटं? शहराबाहेरच्या निसर्गरम्य रिसॉर्टमधली पर्यावरण कार्यशाळा या एका कारणाने मुळातच चुकलेली असते.

याचा अर्थ बाटल्या चालतील असा नाही. बाटली नाल्यात तुंबते, पेट्रोल तुंबत नाही. कचरा आणि कार्बन हे दोन वेगळे काटे आहेत, एकावरचं वजन दुसऱ्यावर सांगू नये.

कुसळी
आता झाडांबद्दल. हिरव्या कामाचं सगळ्यात लाडकं आणि सगळ्यात कमी तपासलेलं काम हेच.

राज्यात सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेची १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडांनी सुरुवात झाली. २०१७ चं लक्ष्य ४ कोटी, २०१८ चं १३ कोटी, २०१९ चं ३३ कोटी. आकडा फुगत गेला तशी संस्था, कंपन्या, शाळा सगळ्यांना जागा हवी झाली, आणि दिसली ती माळरानं. नकाशावर "पडीक" लिहिलेली. पण माळ पडीक नसतो. पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं, त्यावर जगणारे लांडगे, खोकड, चिंकारा, तणमोर, आणि सोलापूरजवळ नान्नजला ज्यासाठी अभयारण्य केलं तो माळढोक, यांचं ते घर आहे. माळढोकाला दूरवर दिसणारं उघडं रान लागतं. तिथे ओळीने गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावणं म्हणजे जंगलतोडीइतकंच नुकसान, फक्त त्याचा फोटो चांगला येतो. कासच्या सड्यासारख्या कातळावरही तेच. तिथली माती काही बोटं जाड असते आणि फुलं तेवढ्यावरच जगतात. खड्डा खणला की ती माती गेली.

म्हणून पहिली पायरी जागा बघणं. गवत कमरेइतकं येतंय, झाडं मुळातच विरळ आहेत, आसपासचे धनगर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणताहेत, तर ते रान तसंच राहू द्या. झाडं लावायची ती तोडलेल्या जागी, ओढ्याकाठी, बांधावर, रस्त्याकडेला.

दुसरी पायरी पाणी. पश्चिम महाराष्ट्रात पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला १० लिटर लागतात, फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत सुमारे २० आठवडे. ५०० रोपांना आठवड्याला ५,००० लिटरचा एक टँकर. वर्षाला २०, तीन उन्हाळ्यांत ६० टँकर. पत्रकात "५०० वृक्षांची लागवड" छापणाऱ्या किती जणांच्या अंदाजपत्रकात ही ६० टँकरची ओळ असते? पैसे ८ टँकरचे असतील तर ६० झाडं लावा आणि ती जगवा.

खड्डा २ फूट लांब-रुंद-खोल. एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा. वरची माती वेगळी, खालचा मुरूम वेगळा. भरताना वरची माती, दोन घमेली कुजलेलं शेणखत, वाळवीसाठी पाव किलो निंबोळी पेंड. कडक मुरमात खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत राहिल्या तर पावसाळ्यात त्याची विहीर होते आणि मुळं कुजतात. पहारीने भिंती फोडून घ्याव्यात. रोप दीड वर्षाचं, कमरेच्या वर उंचीचं घ्यावं. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढायची. तळाशी मुळांचं वेटोळं झालं असेल तर खालचा एक इंच कापून टाकायचा, नाहीतर तीन-चार वर्षांनी झाड मुळातून फिरतं आणि वाऱ्याने पडतं. ५०० रोपं लावली तर ५०० काळ्या पिशव्या मोजून परत यायला हव्यात. त्या मोजल्या नाहीत की शंभरेक मातीत जातातच.

जाती: वावळ, खैर, हिवर, बोर, पळस, बहावा, करंज, कडुनिंब. गुलमोहर, गिरिपुष्प, सुबाभूळ नको.

डिसेंबर-जानेवारीत ३ मीटर रुंद जाळपट्टा काढायचा. शिमग्याच्या सुमारास डोंगराला वणवा लागतो आणि पट्टा नसेल तर तीन वर्षांचं काम एका रात्रीत जातं.

विमानाचा प्रवास झाडं लावून "फेडण्या"बद्दलही बोलू. लावलेलं रोपटं पहिली काही वर्षं फार थोडा कार्बन धरतं. विमानातून निघालेला मात्र त्याच दिवशी हवेत असतो. फेडीचा हिशेब झाड तिसऱ्या उन्हाळ्यानंतर जिवंत दिसल्यावर सुरू करावा.

उतारावरचा
कुसळी, पटलं. माझा व्यवस्थेचा मुद्दा इथे येऊन मिळतो. लक्ष्य "लावलेल्या" झाडांचं ठेवलं की लावण्याचेच पैसे मिळतात. "जगलेल्या" झाडांचं ठेवलं तर टँकर आपोआप अंदाजपत्रकात येईल. इथे संस्था स्वतःच्या अहवालापासून सुरुवात करू शकतात, सरकारची वाट बघायला नको.

चिकणमाती
गणपती तोंडावर आले की "आमची मूर्ती इको-फ्रेंडली" असं सगळे सांगतात, म्हणून तेवढंच लिहिते.

आधी मूर्ती शाडूची आहे का हे बघा. मागच्या बाजूने थोडं खरवडून चिमूटभर भुकटी किंवा खपली पाण्यात टाका. शाडू दहा-पंधरा मिनिटांत भिजून बोटांत मऊ मळला जातो. प्लास्टरची खपली तशीच कडक राहते. बाजारात मिसळलेल्या मूर्तीही असतात. त्या अर्धवट विरघळतात आणि खाली खडे राहतात.

शाडूची मूर्ती नदीत सोडली की काम संपलं असं समजू नका. शाडू पाण्यात विरघळत नाही, त्याचा गाळ होतो. हजारो मूर्तींचा गाळ एका घाटावर साचला की तळ बुजतो. आणि हा शाडू बराचसा गुजरातेतून खणून ट्रकने येतो. घरी बादलीत विसर्जन करा, रात्रभरात मूर्ती विरते, सकाळी फडक्यातून गाळून माती सुकवा आणि मूर्तिकाराला परत द्या. त्याला ती पुढच्या वर्षी चालते, अट एकच की तेलाचा रंग किंवा वॉर्निश नको.

प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने दिलेली अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत आहे. पुणे महापालिका ही भुकटी वाटते. मूर्ती तोला. जितकं मूर्तीचं वजन तितकीच भुकटी. २ किलोच्या मूर्तीला २ किलो भुकटी आणि किमान १० लिटर पाणी, कारण त्याहून कमी पाण्यात भुकटी पूर्ण विरघळत नाही. हार, वस्त्र, काथ्या आधी काढा. मूर्ती पूर्ण बुडाली पाहिजे. दर दोन-तीन तासांनी ढवळा. लहान मूर्ती ४८ तासांत विरते, पाटाचा जाड भाग उशिरा. फेस येतो तो कार्बन डायॉक्साइडचा. अमोनियाचा उग्र वास येतो, बादली गच्चीत किंवा उघड्यावर ठेवा, बंद न्हाणीघरात नको.

चूक नेहमीची: खायचा सोडा वापरणं. तो सोडियमचा असतो. पाण्यात सोडियम सल्फेट उतरतं आणि ते झाडांना घातलं तर माती खारते.

माळीण_बाग
चिकणमाती ताई, उरलेलं पाणी खत म्हणून कुंड्यांना घाला असं पत्रकात असतं. आमच्या सोसायटीत ते तुळशीला घातलं आणि पानं करपली. काय चुकलं?

चिकणमाती
प्रमाण चुकलं. २ किलो प्लास्टरपासून दीड किलो अमोनियम सल्फेट तयार होतं, म्हणजे १० लिटर बादलीत लिटरमागे १५० ग्रॅम. कुंडीला लिटरमागे एक-दीड ग्रॅम पुरे. म्हणजे ती बादली १,००० लिटरपर्यंत पातळ करायला हवी. बाल्कनीत एवढं पाणी कुठे वापरणार? सोसायटीच्या हिरवळीला, नारळांना, पावसाळा सुरू असताना, मोठ्या पिंपात शंभरपट पातळ करून घाला. वर तरंगणारे रंगाचे पापुद्रे आधी फडक्याने गाळून घ्या, ते सुक्या कचऱ्यात. खाली बसलेली पांढरी भुकटी कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे खडू. रंग मिसळलेला असतो म्हणून भाजीच्या वाफ्यात नको.

तुळशीची कुंडी तीन-चार वेळा भरपूर पाण्याने निचरून घ्या. मुळं पांढरी असतील तर नवी फूट येईल.

काटेसावर
कापडी पिशवीबद्दल सुरुवातीला मी लिहिलं, त्याचा आकडा देते. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासात नवी सुती पिशवी फक्त हवामानाच्या काट्यावर ५२ वेळा वापरली तर प्लास्टिकच्या पिशवीशी बरोबरी होते. पाणी, खतं वगैरे सगळे काटे धरले तर ७,१०० वेळा. म्हणून प्रत्येक शिबिरात संस्थेचं नाव छापलेली नवी पिशवी वाटणं बंद करायला हवं. जुन्या साडीची, पडद्याची शिवलेली पिशवी यात बसत नाही, तिचं कापड आधीच होऊन गेलेलं असतं.

पाना-पक्कड, एक विचारायचंय. आपल्या एसीत कुठला गॅस आहे हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

पाना-पक्कड
बाहेरच्या युनिटच्या बाजूला, नळ्या जोडतात त्याच अंगाला, पाटी चिकटवलेली असते. "रेफ्रिजरंट" या शब्दापुढे आर-२२, आर-४१०ए, आर-३२ किंवा आर-२९० असं लिहिलेलं असतं आणि शेजारी वजन, किलो किंवा ग्रॅममध्ये. आजच मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण उन्हापावसाने शाई उडते. फोटो नसेल तर भरणारा माणूस अंदाजाने भरतो. पाटी उडालीच असेल तर आतल्या युनिटच्या पाटीवर मॉडेल क्रमांक बघा आणि कंपनीच्या सेवाकेंद्राला विचारा. गॅस ओळखल्याशिवाय कोणाला भरू देऊ नका. आर-२२ च्या यंत्रात दुसरा गॅस मिसळला की तो परत काढून शुद्ध करता येत नाही, आणि कॉम्प्रेसरचं तेलही जुळत नाही.

सर्व्हिसवाला आला की आधी विचारा: वजनाचा काटा आणलाय का, व्हॅक्यूम पंप आणलाय का? दोन्हीपैकी एक नसेल तर जाळी धुऊन घ्या, पैसे द्या आणि गॅसला हात न लावता त्याला जाऊ द्या.